सगळे जेवले का

जेठमलजींच्या छातीत पहिल्यांदा कळ आली तेव्हा ते गोदामात आमचुराच्या पोत्यांमध्ये एकटेच होते. हाक मारायला आवाज फुटेना, म्हणून त्यांनी हातानं वजनकाटा लोटून दिला. त्या धडाक्यानं दलसिंग हमाल धावत आला आणि वेळ निभावली. गोदाम जुन्या दगडी भिंतींचं. आत मोबाइल लागत नाही, आणि लागत असता तरी जेठमलजींनी तो जवळ बाळगला नसता. अक्कलकुव्याच्या बाजारात त्यांचा जन्म गेला होता. माणसाला माणूस दिसत असताना खिशात यंत्र कशाला, असं त्यांचं म्हणणं.

दवाखान्यातून आल्यावर त्यांनी गोदामात बसणं सोडावं, असं त्यांच्या मुलानं, पुनीतनं, सुचवून पाहिलं. त्यावर ते म्हणाले, "घरी बसून काय करू? पंख्याकडे बघत बसू?" मग पुनीतनं घर, दुकान, गोदाम आणि शेजारचं, त्याच घरात राहणारे जेठमलजींचे भाऊ मोतीलालकाका यांचं कापडदुकान यांना जोडणारे फोन बसवायचं ठरवलं. जेठमलजींच्या बैठकीजवळ, हात पोचेल असा एक फोन. छातीत जरा काही वाटलं की रिसीव्हर उचलायचा आणि एक बटण दाबायचं. वरच्या मजल्यावर स्वयंपाकघरातला फोन वाजणार आणि नेहल तो उचलणार.

नेहल म्हणजे पुनीतची बायको. सासूबाई तिच्या लग्नाआधीच वारल्या होत्या, त्यामुळे दिवसभर घरात असणारी तीच. पुनीतनं सगळ्यांसमोर तिला विचारलं, आणि तिनं सगळ्यांसमोर सांगितलं, की गोदामाचा फोन वाजला तर हातातलं टाकून मी उचलीन. जेठमलजी सहसा कोणाचं कौतुक करत नसत. त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "बीनणी आहे म्हणजे चिंता नाही." बीनणी म्हणजे सून; सासऱ्यांचं हे वाक्य नेहलनं मनात जपून ठेवलं होतं.

तारा टाकताना पुनीत नेहलला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला, शिखाला, समजावून सांगत होता. पूर्वी एकच तार सगळ्या ठिकाणांतून फिरवत. दिवाळीच्या माळेतला एक बल्ब गेला की पुढची माळ आंधळी व्हायची, तशातली गत. इथं तसं नाही. प्रत्येक फोनची तार वेगळी, आणि प्रत्येक तार येते ती मधल्या पेटीत. गोदाम थेट स्वयंपाकघराशी बोलतच नाही. ते पेटीला सांगतं. पेटी निरोप क्षणभर धरते, कोणासाठी आहे ते बघते आणि फक्त त्याच्याकडे सोडते. उंदरानं एक तार कुरतडली तर तेवढा एकच फोन मुका होतो, बाकीच्यांना पत्ताही लागत नाही.

"आणि पेटीच गेली तर?" शिखानं विचारलं.

"मग सगळेच मुके."

"म्हणजे माजीच म्हण की," शिखा म्हणाली, आणि तिघंही हसले.

माजी म्हणजे इचरजबाई, जेठमलजी आणि मोतीलालजींची आई; दोघं मुलगे त्यांना बाई म्हणत. आदल्या वर्षी त्या गेल्या. घराच्या बरोबर मधली, एका अंगानं जिन्याला आणि दुसऱ्या अंगानं परसाला लागून असलेली खोली त्यांची. बाजोटावर, बुटक्या चौरंगावर, बसून त्या साऱ्या घराचा कारभार बघत. दोन्ही भावांचं एकमेकांशी फारसं पटत नसे, पण दोघंही आईशी बोलत, आणि एकाचं दुसऱ्यापर्यंत जायचं ते आईमार्फत. तारा सगळीकडून सारख्या अंतरावर येतील अशी जागा तीच होती, भिंती कोरड्या होत्या आणि इन्व्हर्टरची लाइनही तिथंच होती. म्हणून पेटी माजींच्या खोलीतल्या कोनाड्यात बसली. तिच्यावर हिरव्या दिव्यांची एक ओळ होती. ज्या तारेतून बोलणं जाई तिचा दिवा थरथरायचा.

या जैन घरात दिवेलागणीच्या आत जेवण उरकतं. सूर्य मावळला की दुसऱ्या दिवशी उन्हं वर येईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. माजींनी त्यात स्वतःचा एक नियम घातला होता. दुपारपासून कितीही वाईट बातमी आली, तरी सगळे जेवल्याशिवाय ती सांगायची नाही. कारण एकदा का घास हातातून सुटला आणि सूर्य बुडाला, की माणूस रात्रभर उपाशी. राजस्थानातून त्यांचा सख्खा भाऊ गेल्याचं कळलं, त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना आग्रह करकरून वाढलं, जेठमलजींच्या खिचडीवर वरून तूप सोडलं, "सगळे जेवले का?" असं दोनदा विचारलं, ताटं उचलू दिली, आणि मगच पदर तोंडाला लावला. मोतीलालजी हे अजूनही सांगत.

फोन सुरू झाले आणि काही दिवस बरे गेले. मग दलसिंगच्या पायावर पोतं पडलं. नेहलला ते कळलं ते संध्याकाळच्या जेवणाची भांडी घासायला घेतली तेव्हा. फोन वाजला, आणि दुकानातल्या हिलालचा घाबरा आवाज आला. हिलाल धानोऱ्याचा, दुकानाचं सगळं तोच पाहायचा. तो सांगत होता की दलसिंगचं रक्त थांबत नाही, वहिनी, हळद आणि फडकं पाठवा. नेहल फडकं घेऊन धावत खाली गेली. दुकानाला कुलूप होतं. हिलाल केव्हाच गावी गेला होता, आणि दलसिंग ओट्यावर पाय पसरून बिडी ओढत होता. पायाला दवाखान्यातली पांढरी पट्टी होती.

सकाळी हिलालनं डोकं खाजवलं. "मी ते दुपारलेच फोन कया व्हता, वहिनी. तुम्ही उचलाच नही."

तार सैल असेल, असं सगळे म्हणाले. पुढच्या आठवड्यात मोतीलालकाकांच्या दुकानात ठिणगी उडून साड्यांचा एक गठ्ठा जळाला. आग विझली, राख झाडली गेली, काका घरी येऊन जेवून हात धुऊन बसले, आणि स्वयंपाकघरात फोन वाजला. आतून काकांचाच आवाज ओरडत होता की पाणी आणा. काका पाटावर बसून स्वतःची ती हाक ऐकत होते. त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला.

पुनीतनं सगळ्या तारा तपासल्या. सुरतेत शिकताना त्यानं हेच काम केलं होतं. एकेक फोन उचलून बघितला. बोलणं तत्क्षणी पोचत होतं, त्यात खोट नव्हती. साखर पाठवा, गिऱ्हाईक आलंय, चहा टाका, असले निरोप कधीच अडकले नव्हते. रात्री खोलीत तो नेहलला म्हणाला, "या पेटीत आवाज साठवायला जागाच नाही. पापणी लवायच्या आत ती मोकळी होते. दुपारचा आवाज संध्याकाळपर्यंत राहील कुठे?"

तरी त्यानं पेटी बदलली. नवी पेटी त्याच कोनाड्यात ठेवली. दोनच दिवसांनी पुन्हा एक वाईट निरोप जेवणानंतर आला.

नेहलला पुनीतच्या आधी कळलं होतं, पण ते तोंडानं म्हणायला तिला लाज वाटत होती. पेटी बदलली होती, जागा तीच होती. शेवटी तिनं पुनीतला एवढंच सांगितलं, की पापाजींच्या जिवाचा भरवसा या फोनवर ठेवू नका, पेटी दुसरीकडे हलवा. पर्युषण झालं की नव्या तारा टाकू, असं पुनीत म्हणाला. पावसात भिंती फोडायच्या नव्हत्या.

पर्युषण लागलं आणि नेहलनं अठाई धरली. आठ दिवस फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही उजेड असेतो. माजींनंतर या घरात अठाई कोणी केली नव्हती. जेठमलजींनी नातेवाइकांना पारण्याचं बोलावणंही धाडून दिलं. पहिला दिवस डोकेदुखीत गेला, दुसऱ्या दिवशी भूक मेली. तिसऱ्या दिवसापासून तिला घर फार शांत वाटू लागलं. कुठूनही काही वाईट येत नव्हतं. फोन वाजायचा तो चहासाठी, किल्लीसाठी. शिखा म्हणाली, "भाभी, तुझ्या तपाचा प्रताप." नेहललाही तसंच वाटलं आणि मनातून बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी ती पडून होती. बाहेर पाऊस होता, खिडकीतून गोदामाचा आंबट वास येत होता आणि रिकाम्या तोंडाला पाणी सुटत होतं. डोळा लागत होता, उघडत होता. घसा कोरडा पडला म्हणून ती उठली. उकळलेल्या पाण्याचं भांडं गार राहावं म्हणून माजींच्या खोलीत ठेवलेलं असे. ती पाणी घ्यायला वाकली आणि तिची नजर कोनाड्याकडे गेली.

गोदामाचा दिवा थरथरत होता.

बोलणं चालू असताना थरथरतो तसाच. पण स्वयंपाकघरातला फोन गप्प होता. दिवा थांबला, पुन्हा थरथरू लागला. कोणीतरी धाप लागल्यासारखं, तुटक तुटक बोलत होतं. नेहल भांडं हातात घेऊन उभी राहिली. मग तिला उमगलं. चार दिवस घर शांत नव्हतं. चार दिवस वाईटाची वाट अडून होती. पेटी सगळे जेवायची वाट बघत होती, आणि घरातलं एक माणूस जेवतच नव्हतं.

माजी असत्या तर त्यांनी ओळखलं असतं, की बीनणीचा उपास आहे, हिच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही. माजींना तारतम्य होतं. माणूस जातं तेव्हा तारतम्य त्याच्याबरोबर जातं. मागं रीत तेवढी राहते.

ती मागच्या जिन्यानं उतरली. परसात चिखल होता, त्यात ती एकदा पडली आणि हातांवर उठली. गोदामात जेठमलजी पोत्यांना टेकून बसले होते. ओठ काळे पडले होते, रिसीव्हर छातीवर धरलेला होता. नेहलला पाहून त्यांनी नजर वळवली नाही, पण त्या नजरेत काय होतं ते तिला कळलं नाही.

हिलालनं गाडी काढली. तालुक्याच्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं आणि तिथून नंदुरबारला नेलं. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी नेहल भेटायला गेली तेव्हा जेठमलजींनी भिंतीकडे तोंड केलं. बाहेर आल्यावर पुनीत तिच्या डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "पापाजी म्हणतात, त्यांनी फोन केला होता. तुला सांगितलं की छातीत दुखतंय."

"फोन वाजलाच नाही."

"ते म्हणतात, कळ अशी होती की एकच शब्द कळला. तू उचललास आणि म्हणालीस, थांब."

त्यानंतर जेठमलजी सुनेशी बोलेनात. पाणी हवं तर पुनीतला सांगत, आणि पुनीत तिला सांगे. कोणी तिला रागावलं नाही. मोतीलालकाका म्हणाले, उपासात माणसाला ग्लानी येते, होतं कधी असं. हे समजूतदार बोलणं तिला सर्वात लागलं. कारण तिला स्वतःलाच खात्री देता येत नव्हती. त्या दुपारी डोळा लागत होता, उघडत होता. मध्येच फोन वाजला असेल का? आपण उठून गेलो, थांबा म्हणालो आणि परत येऊन पडलो, असं झालं असेल का? आठवायला जावं तर रिसीव्हर हातात असल्यासारखाच वाटू लागे.

उपास सोड, असं पुनीत म्हणाला. तिनं नकार दिला. मध्येच सोडणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. दुसरंही कारण होतं, ते तिनं सांगितलं नाही. पापाजी त्या दुपारी जे बोलले ते पोचलेलं नव्हतं, म्हणजे ते अजून मध्येच होतं. आपण पहिला घोट घेतला की ते सुटणार. ते सुटेल तेव्हा पापाजी समोर असायला हवेत. आणि थांब म्हणणारा आवाज आपला निघाला, तर तोही सगळ्यांसमोर निघू दे.

ती रोज माजींच्या खोलीत पाण्यासाठी जाई. दिवे स्थिर असत, फक्त गोदामाचा दिवा बाकीच्यांहून किंचित जास्त उजळ वाटे. गोदामाला तेव्हा कुलूप होतं.

पारण्याच्या आदल्या दिवशी जेठमलजींना घरी सोडलं. सकाळी उन्हं वर आली, पाहुणे जमले. बायकांनी तपाची गाणी म्हटली. मग नवऱ्यानं मुगाचं पाणी भरलेली वाटी नेहलच्या ओठांना लावायची, अशी पद्धत. जेठमलजी समोर खुर्चीत शाल पांघरून बसले होते आणि दाराकडे बघत होते. बाकी सगळ्यांचा नाश्ता झाला होता. राहिली होती ती एकटीच.

नेहलनं घोट घेतला. मुगाचं पाणी कोमट होतं. ते गळ्याखाली उतरलं.

स्वयंपाकघरात फोन वाजला.

कोणाला त्यात काही वाटलं नाही. शिखा उठली, तिचे हात मेंदीचे होते म्हणून तिनं रिसीव्हर न उचलता मोठ्या आवाजाचं बटण दाबलं.

"बीनणी," फोनमधून जेठमलजींचा आवाज आला. "छातीत... नेहल बेटा, छातीत दुखतंय. कोणाला तरी पाठव."

गाणं थांबलं. सगळ्यांनी आधी फोनकडे आणि मग खुर्चीकडे पाहिलं. जेठमलजींचा हात शालीखाली छातीवर गेला होता.

फोनमध्ये धाप ऐकू येत होती. मागं पत्र्यावर त्या दुपारचा पाऊस पडत होता. बाहेर स्वच्छ ऊन होतं. नेहलनं वाटी घट्ट धरली आणि त्या दुसऱ्या आवाजाची वाट पाहिली. तो आला तेव्हा अगदी जवळून आला. एका म्हाताऱ्या बाईचा, सावकाश, मायेचा.

"ठहर बेटा. बीनणी हाल जीमी कोनी."

थांब बेटा, सून अजून जेवली नाही. नेहल शहाद्याची. मारवाडी तिला समजे, पण बोलता येत नसे. माजी मात्र शेवटपर्यंत दुसरी भाषा बोलल्या नव्हत्या.

"अगं, दुखतंय गं..." जेठमलजींचा आवाज म्हणाला.

"ठहर," तो आवाज लहान मुलाला सांगावं तसा पुन्हा म्हणाला. "सगळा जीम लेवे, पछे केवूं." सगळे जेवू देत, मग सांगते. त्यानंतर फक्त पाऊस राहिला, आणि फोन आपणहून बंद झाला.

पाहुण्यांतली एक बाई नवकार मंत्र पुटपुटू लागली. मोतीलालजींनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. कित्येक वर्षांत त्यांनी तसं केलं नव्हतं. जेठमलजी सुनेकडे वळले, आणि मध्ये कोणाला न घालता म्हणाले, "तू नव्हतीस."

"नाही, पापाजी."

त्यांनी उठायची खूण केली. पुनीत पुढे झाला, पण त्यांनी नेहलचा हात धरला. दोघं माजींच्या खोलीच्या दारापर्यंत गेली. उंबऱ्याच्या आत जेठमलजींनी पाऊल टाकलं नाही. लहानपणी शाळेतून आल्यावर उभे राहत असतील तसे ते उभे राहिले, आणि रिकाम्या बाजोटाकडे बघून म्हणाले, "बाई, सगळे जेवले."

पेटीवरचा गोदामाचा दिवा इतर दिव्यांसारखा झाला.

त्याच आठवड्यात पुनीतनं पेटी दुकानाच्या जिन्याखाली नेली. पाऊस होता तरी भिंती फोडल्या, तारा नव्यानं टाकल्या. त्यानंतर कुठलाच निरोप अडकला नाही. सगळं जेव्हाचं तेव्हा पोचू लागलं. एकदा घास तोंडाशी नेताना हिलालच्या बापाच्या अपघाताचं कळलं, एकदा काकांच्या जावयाचं. दोन्ही वेळा ताटं तशीच उचलली गेली, सूर्य मावळला, आणि जेठमलजींच्या जेवणानंतरच्या गोळ्या राहून गेल्या. डॉक्टरांनी त्याबद्दल पुनीतला खडसावलं. माजींची खोली नुसतीच पडून होती. नेहल तिथं भाजी निवडायला बसू लागली. तिथं गारवा होता, आणि सगळ्या घराचं बोलणं तिथून ऐकू येई.

थंडीच्या सुरुवातीला एका संध्याकाळी ताटं मांडलेली असताना फोन वाजला. सूर्य घराच्या मागं टेकला होता. मोतीलालकाका दुकानातून बोलत होते. राजस्थानातून खबर आली होती, जेठमलजींच्या लहानपणच्या सोबत्याची. काका म्हणाले की सांग त्याला. नेहलनं सगळं ऐकून घेतलं.

तिनं मागं वळून पाहिलं. जेठमलजींनी पहिला घास मोडला होता.

"ठहरो, काकासा," ती म्हणाली, आणि रिसीव्हर ठेवला. हा शब्द तिनं आयुष्यात कधी उच्चारला नव्हता.

"कोणाचा होता?" जेठमलजींनी विचारलं.

"काही नाही, पापाजी. जेवा तुम्ही." तिनं खिचडीवर वरून तूप सोडलं, मग सगळ्यांच्या ताटांवरून एकदा नजर फिरवली. जेठमलजी हातातला घास तसाच धरून तिच्याकडे बघत होते. त्यांनी मान खाली घातली आणि तो घास खाल्ला.